शीग

आमच्या पंचवटीतल्या घरी माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली चार मापं आहेत. चिपटं, मापटं, शेर आणि अधोली. पायलीसुद्धा होती, ती वाटणीत काकांकडे गेली. सगळी पत्र्याची, काठाला पितळेची पट्टी, आणि तळाशी आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर खिळ्यानं ठोकून काढलेलं. निफाडजवळच्या आमच्या गावी आजीच्या हातात कायम यातलं एखादं असायचं. दळणाला बाजरी काढायची, मजुरांना धान्य द्यायचं, शेजारणीला उसनं द्यायचं, सगळं मापानं. तराजू आमच्याकडे होता, पण तो कांद्यासाठी. घरातलं धान्य कुणी तोलत नसे, मापत असे.

दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. पाढ्यांच्या आधी मला हे पाठ झालं होतं. पटलं मात्र नव्हतं. चिपटं आणि मापटं शेजारी ठेवलं की मापटं जरासंच मोठं दिसायचं. ते दुप्पट कसं असेल? मी आजीला म्हटलं, "हे खोटं आहे." ती रागावली नाही. चिपटं भरून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ओत." मी ओतलं. पुन्हा भरून ओतलं. मापटं काठोकाठ भरलं, एक दाणा सांडला नाही. मग दुपारभर मी ओसरीवर बसून ओतत राहिले. अधोलीत आठ चिपटी गेली तेव्हा मला भीतीसारखं काहीतरी वाटलं, ते अजून आठवतं. अधोली चिपट्याच्या फार तर दुप्पट उंच होती.

आता पट्टी लावून पाहिलं. शेराचं तोंड १० सेंटीमीटर आणि खोलीही तेवढीच. मापट्याचं तोंड आठाला जरा कमी, चिपट्याचं सव्वासहा. दुप्पट मावायला प्रत्येक बाजू दुप्पट करावी लागत नाही. १.२६ पट केली तरी पुरतं, कारण १.२६ तीनदा एकमेकांत गुणलं की दोन होतात. डोळा उंची बघतो, फार तर तोंडाची रुंदी बघतो. धान्य मात्र तिन्ही दिशांना पसरतं. अधोली चिपट्याच्या दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद, म्हणून तिच्यात आठ चिपटी.

मावणं हा शब्द माझ्या शाळेच्या गणितात कुठे भेटला नाही. घनफळ भेटलं, वक्रपृष्ठफळ भेटलं, इष्टिकाचिती, वृत्तचिती (सरळ गोल डब्याचा आकार), शंकू, शंकूछेद (टोक कापलेला शंकू) भेटले. सूत्रांचा तक्ता वर्गात भिंतीवर होता. शंकूचं घनफळ त्याच तोंडाच्या आणि त्याच उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश. मी विचारलं, एक तृतीयांशच का? उत्तर आलं, सूत्र आहे, पाठ करायचं. मी पाठ केलं. मार्कही पडले. पण त्या प्रश्नाला मी पुढे पंचवीस वर्षं हात लावला नाही, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं. ओसरीवर बसून अख्खी दुपार ओतत राहिलेली मुलगी दहावीत कुठे गेली होती?

गेल्या पावसाळ्यात लेक दहावीच्या भूमितीत महत्त्वमापनाच्या प्रकरणापाशी आली. (हे नाव मला फार आवडतं. महत्त्व म्हणजे इथे मोठेपणा, आकारमान. कोण किती महत्, ते मापायचं.) रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, त्रिकोण आयताच्या अर्धा असतो ना, पाया तोच आणि उंची तीच असली की? मग शंकू वृत्तचितीच्या अर्धा हवा. बाजूनं बघितलं तर शंकू त्रिकोणच दिसतो आणि वृत्तचिती आयत दिसते."

या वेळी मी सूत्र सांगितलं नाही. मी म्हटलं, "तुझ्यासारखंच आर्यभटांनाही वाटलं होतं."

ते खरं आहे. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात त्रिकोणाचं क्षेत्रफळ आहे आणि त्याच श्लोकात पुढे सहा कडांच्या सूचीचं घनफळ आहे. त्रिकोणी पाया, वर एक टोक. तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, त्याचं अर्ध, असं तिथं सांगितलं आहे. हवं होतं एक तृतीयांश. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे ज्यांनी त्या काळी मांडलं, ज्यांनी पायची (π), म्हणजे वर्तुळाचा घेर व्यासाच्या किती पट त्याची, किंमत ३.१४१६ इतकी नेमकी दिली, त्यांचंही मन पातळीवरून घनाकडे जाताना अर्ध्यापाशी थांबलं. १२९ वर्षांनी, इ.स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथात सूचीसाठी एक तृतीयांश आलं. लेकीची चूक म्हणजे आळस नव्हता. तिचा विचार योग्य वाटेवर होता आणि त्या वाटेवर एक पायरी राहिली होती. लेकीचा चेहरा उजळला. चूक करायलाही चांगली सोबत लागते.

मग पायरी शोधायला बसलो. आधी बटाट्याचा घन कापून पाहिला, पण सुरी घसरते आणि बटाटा ओला असतो. माळ्यावर जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, जाड कागदाचा. त्याच्या तीन सारख्या सूची केल्या. तळ सहा सेंटीमीटरचा चौरस आणि टोक मधोमध नाही, चौरसाच्या एका कोपऱ्यावर सरळ सहा सेंटीमीटर उंच. म्हणजे दोन बाजूंना सहा-सहाचे काटकोन त्रिकोण आणि दोन बाजूंना सहा आणि साडेआठचे. डिंकानं चिकटवल्या. तिन्ही टोकं एकाच कोपऱ्यात आणून फिरवत राहिलो. दोन लगेच बसल्या, तिसरी बसेना. मग लेकीनं ती उलटी केली आणि खट्कन आत गेली. समोर सहा सेंटीमीटरचा घन. एकही फट नाही.

सपाट चौकोनाला दोन दिशा असतात म्हणून त्याचे दोन सारखे त्रिकोण पडतात. घनाला तीन दिशा, म्हणून तीन सारख्या सूची पडतात. घनाचा एक कोपरा धरा. त्याला न भिडणाऱ्या बाजू किती? तीन. प्रत्येक बाजूवरून त्या कोपऱ्याकडे एक सूची निघते. मला हे दहावीत कुणी हातात दिलं असतं तर दहा मिनिटं लागली असती. एवढी दहा मिनिटं प्रत्येक वर्गात मिळायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. मुलांना सूत्र विसरायला होतं. खट्कन बसलेली तिसरी सूची बोटं विसरत नाहीत.

"पण शंकूचं टोक मधोमध असतं," लेक म्हणाली. "आणि तळ गोल."

ते पोळ्यांवर सुटलं. डब्यात पोळ्यांची चवड होती. तिला वरून हलकेच एका बाजूला ढकललं. चवड तिरकी झाली, पण पोळ्या तेवढ्याच राहिल्या. प्रत्येक उंचीला कापलेला तुकडा तेवढाच असेल तर घनफळही तेवढंच. इटलीतल्या काव्हालिएरी या गणितज्ञानं १६३५ मध्ये हे तत्त्व पुस्तकात मांडलं म्हणून त्याचं नाव चिकटलं आहे. टोक कोपऱ्यावरून मध्ये सरकवलं तरी मावायचं तेवढंच मावणार. गोल तळालाही हेच लागू पडतं, कारण वर जाताना गोल आणि चौरस एकाच प्रमाणात लहान होत जातात. पोळ्या बघताना माझ्या लक्षात आलं की वृत्तचिती या शब्दातच हे सगळं आहे. चिती म्हणजे रचलेला ढीग. वृत्तचिती म्हणजे वृत्तांची चवड. इष्टिका म्हणजे वीट, तेव्हा इष्टिकाचिती म्हणजे विटांची रास. हे शब्द अवघड म्हणून आम्ही दहावीत कंटाळायचो. ते अवघड नव्हतेच, कुणी फोडून दाखवले नव्हते.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे इ.स. ११५० च्या ग्रंथात, घनफळाची प्रकरणंच अशी कामांच्या नावांनी आहेत. खड्ड्यांसाठी खातव्यवहार, विटा रचण्यासाठी चितिव्यवहार, लाकूड कापण्यासाठी क्रकचव्यवहार आणि धान्याच्या ढिगासाठी राशिव्यवहार. भास्कराचार्य आपल्याला तसे परके नाहीत. मनमाडवरून रेल्वेनं चाळीसगावला उतरलं की जवळच पाटण आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढला. त्या मठाचा इ.स. १२०७ चा शिलालेख तिथल्या देवळात आहे. त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे आणि त्यात इथं जे मापलं जाईल ते मठाच्या मापानं मापावं, अशी आज्ञा आहे. गणिताच्या मठाकडे बाजाराचं माप होतं, हे वाचून मला आजीचा शेर आठवला.

राशिव्यवहारातली रीत अशी. खळ्यावर धान्याचा ढीग आहे. दोरीनं त्याचा घेर मोजा. घेराचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, ढिगाच्या उंचीनं गुणा. झालं घनफळ. उंचीसुद्धा मोजायला नको, कारण दाणा आपला उतार स्वतः ठरवतो. जाड धान्याची उंची घेराच्या दहाव्या भागाएवढी, बारीक धान्याची अकराव्या आणि कुसळाच्या धान्याची नवव्या. ढीग भिंतीला टेकलेला असेल तर घेर दुप्पट धरून शेवटी निम्मं करा. आतल्या कोपऱ्यात असेल तर चौपट धरून पाव करा.

यात एक तृतीयांश दिसत नाही, पाय दिसत नाही. दोघं आहेत, पण त्यांनी एकमेकांना संपवलं आहे. पाय तीन धरला की घेराचा सहावा भाग म्हणजेच त्रिज्या. शंकूच्या सूत्रातल्या एक तृतीयांशात तो तीन गुणला की उरतो एक. उरली फक्त त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले उंची. लीलावतीतच पायची स्थूल किंमत २२/७ आणि सूक्ष्म किंमत ३९२७/१२५० दिलेली आहे. तेव्हा हा तीन अज्ञानातून आलेला नाही. खळ्यावर उभ्या असलेल्या, ऊन डोक्यावर आलेल्या माणसाला तोंडी जमेल असा हिशेब करून दिला आहे. शिकवणं म्हणजे काय, ते मला या एका रीतीत सापडलं.

आम्ही गच्चीवर चादर अंथरून गव्हाचा ढीग केला. घेर भरला १२० सेंटीमीटर, मधली उंची साडेदहा. घेराचा सहावा भाग वीस, वर्ग चारशे, गुणिले साडेदहा, म्हणजे ४,२०० घन सेंटीमीटर. पाय पूर्ण धरला तर ४,०११. मग लीटरच्या मापानं ढीग उचलला. चार मापं भरली आणि चादरीवर ओंजळीलाही कमी गहू उरला. लेकीनं तो उरलेला गहू बोटानं पसरून मोजल्यासारखा केला. बोलली काही नाही.

ढिगाच्या गोष्टीनं मला आमची विहीर आठवली. अप्पांनी ती खोदायला घेतली तेव्हा मी सातवीत होते. खोदकाम ब्रासवर ठरलं होतं, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. वाळू, खडी, मुरूम, सगळं आपल्याकडे अजून ब्रासनंच चालतं. वरचा मुरूम गेला आणि काळा पाषाण लागला. सुरुंगानं फोडलेला दगड क्रेननं वर येऊन काठाला पडायचा. बघता बघता त्याचा डोंगर झाला, विहिरीपेक्षा मोठा. मुकादमाचं म्हणणं, ढीग मोजा. अप्पांचं म्हणणं, खड्डा मोजा. दोघंही खोटं बोलत नव्हते. अखंड दगड फुटला की तुकड्यांमध्ये पोकळी येते आणि तोच दगड दीडपट जागा खातो. विहिरीतून निघालेला दगड पुन्हा त्या विहिरीत मावत नाही. शेवटी खड्डा मोजायचं ठरलं, कारण खड्डा फुगत नाही.

विहीर वर २६ फूट रुंद, खाली निमुळती होत २२ फूट, खोल ४०, म्हणजे जवळपास सात परस. मुकादमानं टेप तीन-चार ठिकाणी लावला, रुंदीची सरासरी २४ काढली आणि सरळ गोल धरून हिशेब केला, १८,०९६ घनफूट, १८१ ब्रास. मी बाजूला वही घेऊन उभी होते. पुढे दहावीत शंकूछेदाचं सूत्र शिकले तेव्हा घरी येऊन पुन्हा मांडलं. १८,१३८ आलं. फरक ४२ घनफुटांचा, अर्ध्या ब्रासाच्या आत. जो मुकादम शाळेत फारसा गेला नव्हता, त्याची रीत १८१ ब्रासात अर्धाही ब्रास चुकली नव्हती.

अलीकडे वाचनात आलं की ब्रह्मगुप्तांनीही अशा निमुळत्या खड्ड्यासाठी आधी हीच सरासरीची रीत घेतली आहे. तिला त्यांचा शब्द व्यावहारिक. मग दुसरी, तोंड आणि तळ यांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेऊन उंचीनं गुणायचं. आमच्या विहिरीला त्यानं १८,२२१ येतं. दोन्हींतला फरक साधारण १२६. त्याचा एक तृतीयांश, म्हणजे ४२, व्यावहारिक उत्तरात मिळवा. १८,१३८. दहावीचं सूत्र तंतोतंत. मुकादमाच्या टेपापासून शंकूछेदापर्यंत चौदाशे वर्षांपूर्वीच पूल बांधलेला होता, आणि तो पुन्हा त्याच एक तृतीयांशावर उभा होता.

त्याच आठवड्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला. मोबाइलवर आकडे येऊ लागले, इतके हजार क्युसेक, धरण इतके टक्के. नाशिककर हे आकडे पाठ म्हणतो, पण पूर आपण अजून गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरच मोजतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. लेकीनं विचारलं, क्युसेक म्हणजे नेमकं किती? सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लीटर आणि थोडं. आपल्या गच्चीवरची हजार लीटरची टाकी एका क्युसेकनं पस्तीस सेकंदांत भरेल. मग ती म्हणाली, अख्खं धरण एका घनात भरलं तर? क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. वर्तमानपत्रात ज्याला दलघफू म्हणतात, ते. घनमूळ काढलं तर १,७७९ फूट आलं. सुमारे ५४२ मीटर. अर्ध्या किलोमीटरपेक्षा थोडी मोठी बाजू असलेला एकच पाण्याचा ठोकळा, आणि त्यात या शहराचं पाणी, शेतीचं पाणी, कारखान्यांचं पाणी. ओसरीवर वाटली होती तशीच भीती मला पुन्हा वाटली, पण उलट्या बाजूनं. आठ चिपटी मावली तेव्हा माप माझ्या डोळ्याला वाटलं त्यापेक्षा मोठं निघालं होतं. धरण लहान निघालं.

मापं मी माळ्यावरून काढली ती त्या रात्री. लेकीनं शेर तांदळानं भरला आणि वर हात फिरवून सपाट केला. मी म्हटलं, "पणजी असं भरायची नाही. देताना ती शीग लावायची." शीग म्हणजे मापाच्या काठावर दाणे आणखी राहीनात, ओघळायला लागेपर्यंत भरलेला वरचा टोकदार ढीग. घ्यायच्या वेळी मात्र काठोकाठ घेतलं तरी चालायचं तिला. लहानपणी मला ती चूक वाटायची. शेजारीण उसनं नेताना शीग घेऊन जाते आणि परत देताना सपाट देते, हे मी आजीला दोनदा सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, "वरचं कुणी मोजतं का?"

लेकीनं शीग लावली. पट्टी उभी धरली. उंची तीन सेंटीमीटर. शंकू, त्रिज्या पाच, उंची तीन. तिनं वहीत मांडलं, ७८.५ घन सेंटीमीटर. खालचा शेर वृत्तचिती, त्रिज्या पाच, उंची दहा, ७८५. बरोबर दहावा भाग. दर दहा शेरांमागे एक शेर आजी जास्तीचा देत होती.

लेक थोडा वेळ वहीकडे बघत बसली. मग म्हणाली, "तोंड रुंद असतं तर शीग वाढली असती." तिनं तेवढंच मावणारं पण चौदा सेंटीमीटर तोंडाचं उथळ माप कागदावर काढलं. शिगेची उंची ४.२, शीग २१५. पाव भागाहूनही जास्त. "आई, म्हणजे मापाचं तोंड केवढं, यावर किती भांडणं झाली असतील."

मी शेर पातेल्यात उलटा केला. खिचडीला एवढे तांदूळ नको होते. लेकीनं त्यातला मूठभर परत शेरात टाकला आणि कडेनं आत डोकावून तळावरचं ते खिळ्यानं काढलेलं अक्षर शोधू लागली.